रगत काय बोलतं गो?

ती स्टुलावर बसायची, डावा हात उताणा करून टेबलावर ठेवायची, आणि सुई आत गेली की बाकीचे लोक तोंड फिरवतात तसं न करता मान पुढे काढून नळीत चढणारं रक्त बघत राहायची. नळी भरली, मी दंडाची रबरी पट्टी सोडली, की कापसाचा बोळा दाबत विचारायची, "रगत काय बोलतं गो?"

"मावशी, आत्ता तर काढलं. थोडं थांबावं लागेल."

"मी थांबते ना. तू त्याला बोलतं कर."

आणि खरंच थांबायची. नवरा बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचा, ही आत माझ्या डोक्यावर.

मुरबाडच्या बाजारातल्या एका गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमची लॅब होती. दोन हजार सालाच्या पुढची ती वर्षं. लॅबचे डॉक्टर कल्याणहून दुपारी यायचे, रिपोर्टांवर सह्या करायचे आणि परत जायचे. बाकीचा वेळ मी, एक सूक्ष्मदर्शक, रक्त तपासायचं एक कुरकुरणारं यंत्र आणि खालून येणारा भांड्यांचा आवाज. मी मुरबाडचीच, शेतकऱ्याच्या घरातली, कल्याणला जाऊन लॅबचा कोर्स करून आलेली. लग्नाचं वय जरा पुढे सरकलेलं. हे शेवटचं मी कुणाला सांगायची गरज नसायची, माझ्या वतीनं सगळा बाजार सांगायचा.

ती धसईच्या पलीकडच्या गावातली. धवळारीण. ज्यांनी आमच्याकडचं लग्न पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. आमच्या भागात बऱ्याच घरांत भटजींच्या आधी, आणि काही घरांत भटजींच्या ऐवजी, धवळारीण लागते. मांडवाला उंबराची डहाळी बांधण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं एक गाणं असतं, त्यांना धवळे म्हणतात, आणि ते गायल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कुणी मानत नाही. सगळं तोंडपाठ. पदराला गाठ मारून ती मांडवात बसली की नवरदेवाचा मामासुद्धा बिडी विझवायचा.

तिला नावानं कुणी हाक मारत नसे. बाजारात, जीपमध्ये, सासरी, माहेरी ती नुसती धवळारीण. नवरा 'अगो' म्हणायचा. तिचं खरं नाव त्या काळात बहुधा आमच्या नळीवरच्या चिकटपट्टीवरच लिहिलं जात असेल, तेही माझ्या हातानं. ते मी इथे लिहीत नाही. त्या नावाची एक जागा आहे, आणि ती कागदावर नाही.

तिच्या टाचेला काळा डाग होता. आमच्याकडे पायात काटा मोडला, सलायला लागला, की बिबा तापवून त्याचं तेल लावतात. बिब्याचा डाग काळाच पडतो. त्यामुळे टाचेवर काळा डाग असलेली बाई आमच्याकडे काही नवलाची नाही. भाताच्या आवणीच्या चिखलात कधीतरी काटा गेला असेल, वर बिबा घातला असेल, असं तिनं धरून चाललं. डाग वाढला तेव्हा तिनं आणखी बिबा घातला. मग आणखी वाढला, मग आणखी घातला. जखम वाहायला लागून चप्पल भिजायला लागली तेव्हा कुठे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथे कळलं की हा कातडीचा कॅन्सर, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा. आपल्या लोकांत तो निघालाच तर बहुतेक वेळा असा तळपायाला किंवा नखाखाली निघतो, जिथे कुणी सहसा बघत नाही. टाचेचा लचका काढला. नंतर जांघेत गाठ आली, तीही काढली. मग छातीच्या फोटोत ठिपके दिसले आणि इंजेक्शनं सुरू झाली. इंजेक्शनांनी आवाज बसतो, एवढीच तिची तक्रार. बाकी केस, उलट्या, अशक्तपणा यांबद्दल विचारलं की हात झटकायची.

मुंबईच्या डॉक्टरांनी दर खेपेला फोटोबरोबर रक्ताची एक तपासणी लिहून दिलेली असे, एलडीएच नावाची. ती मुरबाडला होत होती म्हणून ती आमच्याकडे. पहिल्याच खेपेला तिनं मला धरलं. "ह्याच्यात काय बघतस ता सांग. मला फसवू नको."

मी विचार करून सांगितलं, "अंगातली एकेक पेशी म्हणजे भाताचं पोतं समजा. पोतं धड असलं की भात आत राहतो. उंदरांनी पोतं फाडलं की भात जमिनीवर सांडतो. आम्ही रक्तात सांडलेला भात मोजतो. जास्त सांडला तर आजाराचा जोर जास्त. कमी असला तर अजून आटोक्यात."

"आन् उंदीर?"

"उंदीर आम्हाला दिसत नाहीत. नुसता सांडलेला भात दिसतो."

"म्हंजी उंदीर किती ता अंदाजानंच."

"अंदाजानंच. आणि भात दुसऱ्या कशानंही सांडतो, म्हणून डॉक्टर बाकीचंही बघतात."

तिनं मान हलवली. "बरं हाय. आमच्या कोठीत बी असंच करतात."

मला वाटलं विषय संपला. तो तिथून सुरू झाला होता, हे तुळशीचं लग्न झाल्यावर कळलं.

तुळशीचं लग्न लागलं की लोक नारळ, खण आणि सुपारी घेऊन तिच्या दारात जायला लागायचे. तिनं सुपारी ओटीत घेतली की ते लग्न तिचं. त्या वर्षी तिनं आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, थांबा, मला मुरबाडला जाऊन यायचंय. माझ्याकडे आली, हात उताणा ठेवला, आणि मी आकडा नेहमीसारखा आहे, वाढलेला नाही, म्हटल्यावर परत जाऊन सगळ्या सुपाऱ्या घेतल्या. धसईहून बाजारात येणाऱ्या जीपवाल्यानं मला हे सांगितलं तेव्हा माझा संतापच झाला. पुढच्या खेपेला मी तिला झापलं.

"मावशी, हे पंचांग नाही. आकडा बरा आला म्हणजे वैशाखापर्यंतची हमी नाही, आणि वाईट आला म्हणजे उद्याच काही होतं असंही नाही. तुमच्या मुंबईच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलंय."

"पंचांग तरी कुठं खरं बोलतं गो? तरी लोक त्याला इचारूनच लगीन करतात ना?"

ह्यावर तुम्ही काय बोलला असता? मग तिनंच कारण सांगितलं. तिची सासू पण धवळारीण होती. एका घरची सुपारी घेतली आणि लग्नाआधी गेली. घाईघाईत दुसरी कोणीतरी आणून उरकलं. पुढे त्या मुलीचं काहीही वाकडं झालं, म्हैस मेली, मूल राहिलं नाही, की लोक म्हणायचे, हिचे धवळे उसन्या तोंडाचे. "ती पोर बिचारी जलमभर ऐकत रायली. मेलेल्या बाईच्या ओटीत कुनाची सुपारी अडकून राऊ नये. माझं मी जाईन तवा जाईन. पन कुनाचं लगीन बरोबर नेनार नाय."

मरणाची भीती तिला वाटतच नव्हती असं मी म्हणणार नाही. पण तिला घोर लागला होता तो ह्या एका गोष्टीचा.

लॅबमध्ये तिचं थांबणं म्हणजे आम्हाला सोहळा असायचा. यंत्र तापेपर्यंत गुणगुणायला लागायची. थुंकी तपासायला आलेले खोकलेकरी, बाळंतपणाच्या दिवसांतल्या बायका, सगळे जिन्यावरून वर यायचे. एकदा डॉक्टर आले तर त्यांना त्यांच्याच लॅबमध्ये शिरायला जागा नव्हती. ते चिडले. तिनं त्यांना नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमच्या लग्नात धवळारीण होती काय?" नव्हती म्हणाले. "वाटलंच," ती म्हणाली. डॉक्टर त्या दिवशी सह्या करताना स्वतःशीच हसत होते.

मला तर ती सोडायचीच नाही. सुई टोचतानाच सुरू व्हायची.

"तुझी सुपारी कवा देतस?"

"मुलगा मिळाला की."

"माझं रगत गोड बोलतं हाय तवर दे. मागनं बोंब मारशील."

मुलं बघायला यायची. आसनगावचा एक आला होता, रोज लोकलनं मुंबईला कामाला जाणारा. त्यानं मला एकच प्रश्न विचारला, लग्नानंतर रक्त काढणं सोडणार का. मी त्याला विचारलं, तुम्ही लोकल सोडणार का. ते तिथंच संपलं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की कापसाचा बोळा खाली पडला आणि टेबलावर रक्ताचा थेंब सांडला. "अशीच राय," म्हणाली.

नेमकी ह्या आसनगावच्या मुलासाठी मी शहापूरला मामाकडे गेले होते तेव्हा एक गोष्ट घडली. पौषात तिच्या टाचेची जखम उघडली होती, पाय टेकवत नव्हता. धसईच्या डॉक्टरांनी घरी जाऊन रक्त काढलं आणि नळी नवऱ्याच्या हातात दिली, मुरबाडला पोचवा म्हणाले. माझ्या जागी कल्याणचा एक टेक्निशियन आला होता. त्यानं तपासणी केली. आकडा एकदम वर गेलेला. त्यानं खाली इंग्रजीत एक ओळही लिहिली की नळीतलं वरचं पाणी लाल उतरलंय, म्हणजे नमुना बिघडलाय, परत घ्यावा. रिपोर्ट डॉक्टरांकडे न जाता थेट गावात गेला आणि तिथे आकडा तेवढा वाचला गेला. इंग्रजी ओळ कोण वाचणार?

मी परत आले, रिपोर्टाची प्रत बघितली आणि जीपवाल्याबरोबर निरोप पाठवला, मावशींना लगेच घेऊन या. पण वाईट बातमी माणसाला समोर बसवून सांगतात हे तिला मुंबईत कळलेलं होतं. लॅबवाली पोर बोलावते आहे म्हणजे काय ते तिनं ओळखलं. आणि मुरबाडला यायच्या आधी तिनं तिचं काम उरकलं. नवऱ्याला बरोबर घेऊन, जीप करून, लंगडत घरोघर गेली आणि प्रत्येक सुपारी त्या घरच्या बाईच्या हातात परत ठेवली. "बाय, दुसरी बघ. माझ्यानं व्हायचं नाय." कारण कुठेही सांगितलं नाही. लोकांना वाटलं, आजारामुळे चिडकी झाली. कुणी म्हणे, मान कमी दिला म्हणून.

मग ती माझ्याकडे आली. स्टुलावर बसली, हात उताणा ठेवला, पण ह्या वेळी रक्ताकडे बघितलं नाही. काही विचारलंही नाही. मी नळी यंत्रात गरगर फिरवून रक्त खाली बसवलं. वर जे पाणी राहतं ते पेंढ्याच्या रंगाचं, स्वच्छ होतं. आकडा काढला. नेहमीसारखाच. खात्रीसाठी परत काढला, तरी तोच.

मी नवऱ्याला आत बोलावलं. "आजोबा, मागच्या वेळी रक्त कसं आणलं होतंत?"

म्हातारा जरा ताठ झाला. त्याला वाटलं, शाबासकी मिळणार. "बर्फातनं. बाजारातल्या मासेवालीकडनं बर्फ घेतला, डब्यात भरला, वर खडेमीठ मारलं, नळी मधी खुपसली. मासा टिकतो तर रगत नाय टिकनार?"

रक्त थंडीनं बर्फासारखं थिजलं की पेशी फुटतात. फुटल्या की त्यांच्यातलं सगळं बाहेर येतं आणि आकडा वर जातो. मी तिला तिच्याच भाषेत सांगितलं, "मावशी, उंदीर वाढले नव्हते. पोती गाडीतच फाटली."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला काय बोंबील समजून बर्फात घातलंत?"

आणि हसायला लागली. मीही हसले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबेना. म्हातारा मात्र हसत नव्हता. हातातली पिशवी पिळत होता. "नीट पोचावं म्हनूनच केलं मी," एवढंच पुटपुटला. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "नीटच पोचवलंत," म्हणाली.

मी म्हटलं, आता सुपाऱ्या परत आणा. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. दिलेली सुपारी मागायला धवळारीण कुणाच्या दारात जात नाही. शिवाय उशीरही झाला होता. सगळी लग्नं शहापूरकडच्या एका धवळारणीला गेली होती. ही वयानं लहान, आवाज खडा, आणि रिक्षातून येणारी. आमच्या मावशीचं तिच्याबद्दलचं मत मी इथे देत नाही.

त्या उन्हाळ्यात मावशी पाहुणी म्हणून लग्नांना गेली. जन्मात पहिल्यांदा मांडवात गरम जेवण जेवले, असं सांगायची. आमच्या शेजारच्या लग्नात ती माझ्या बाजूलाच बसली होती आणि शहापूरची गात होती. ही तोंडातल्या तोंडात तिला दुरुस्त करत होती. "सूर बरा हाय. घाई नडते."

मग आवतनाचं गाणं आलं. हळदीआधी धवळारीण सगळ्यांना लग्नाचं आवतन देते. आधी गावदेवीला, मग वेशीला, विहिरीला, चुलीला. आणि शेवटी त्या घरच्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. नाव घेतलं की धवळारीण थांबते, आणि त्या नावाचं जे कोणी जवळचं असेल त्यानं उत्तर द्यायचं, "आला" नाहीतर "आली." मगच पुढचं नाव. शहापूरचीनं चुलीपर्यंत आवतन दिलं आणि थेट हळदीवर आली. बाहेर बँडवाले खोळंबले होते, व्हिडिओवाला दिवे पेटवून उभा होता.

मावशी ताडकन उठली. मला वाटलं आता तमाशा होतो. पण ती हळद संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली, आणि शहापूरची मागच्या पडवीत जेवायला बसल्यावर तिच्या पुढ्यात जाऊन बसली.

"मेलेल्यांना आवतन का नाय दिलंस?"

"आमच्याकडं नाय गात ता," शहापूरची घास न थांबवता म्हणाली.

"तुमच्याकडं कोन मरत नाय काय?"

शहापूरचीचा हात पानातच राहिला. मावशीनं तिथंच, खरकट्याच्या वासात, हळू आवाजात तिला ते सगळं आवतन म्हणून दाखवलं. त्यानंतर दोघी भांडल्या का, ते मला माहीत नाही. मला आईनं हाक मारली.

पुढच्या पावसाळ्यानंतर माझं लग्न ठरलं. मुलगा शहापूरचा. त्यानं रक्त काढण्याबद्दल काही विचारलं नाही, उलट स्वतःचंच काढून घेतलं, त्याला मलेरियाची शंका होती. तारीख वैशाखातली धरली. मी घरी सांगून टाकलं की आवतन आमच्याच धवळारणीचं पाहिजे, दुसरीचं नको. आईनं सुपारी माझ्याकडे दिली. मी ती लॅबच्या टेबलाच्या खणात ठेवली, मावशी तपासणीला आल्या की देऊ म्हणून.

मार्गशीर्षात ती आली. बारीक झाली होती, खोकत होती. हात ठेवला, मान पुढे काढली. मी हलक्या हातानं, शीर नीट बघून रक्त काढलं. जरासुद्धा हलवलं नाही. नळी फिरवून बाहेर काढताना माझ्या मनात आलं ते कुठल्याच लॅबवालीच्या मनात कधी येत नसेल. मला वाटलं, हा नमुना लाल निघू दे. बिघडू दे.

नमुना पेंढ्याच्या रंगाचा होता. इतका सुरेख नमुना मी क्वचित काढला असेल. आकडा मात्र खूप वर होता. मी दुसऱ्यांदा काढला, यंत्र पुसून तिसऱ्यांदा काढला.

"रगत काय बोलतं गो?"

मी सांगितलं, "भात सांडलाय, मावशी. खूप."

तिनं बाहेरच्या बाकाकडे बघितलं. मग नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "बर्फ नव्हता ना?"

"नाही."

मी खण उघडला आणि सुपारी तिच्यासमोर ठेवली. मी म्हटलं, "हा आकडा मी काढलाय. मला सगळं कळून देते आहे. घ्या."

"तुला कळतं म्हनूनच घेनार नाय," ती म्हणाली. सुपारी उचलून तिनं परत माझ्या खणात ठेवली, खण लोटला, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या हाताला स्पिरिटचा वास येत होता. ती जिना उतरून गेल्यावर मी पुढच्या पेशंटला अर्धा तास बसवून ठेवलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी पुढे इंजेक्शनं थांबवली आणि आता ही तपासणी करायची गरज नाही असंही सांगितलं. तरी जीपवाल्याबरोबर तिचा निरोप यायचा, रगत काय बोलतं गो? मी उलट निरोप द्यायचे, गप्प आहे. त्या निरोपांना काही अर्थ नव्हता, पण जीपवाला ते चोख पोचवायचा.

माघात वेगळा निरोप आला. आईला घेऊन ये, सुपारी आन.

आम्ही गेलो. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, आणि खाली, सुपात तांदूळ निवडत, शहापूरची बसली होती. ती बऱ्याच दिवसांपासून तिथे येत होती. "सासूनं इतकं छळलं नव्हतं मला," ती आईला म्हणाली. "एक नाव चुकलं की पयल्यापासनं."

"चुकतंस कशाला?" खाटेवरून आवाज आला. तो आवाज ऐकून मला धक्का बसला. गाण्याजोगं त्यात काही उरलं नव्हतं.

तिनं शहापूरचीला जवळ बसवलं, तिचा हात पुढे करायला लावला, वर आपला हात ठेवला. "ठेव आता." मी सुपारी दोघींच्या हातांमध्ये ठेवली. तिनं बोटं मिटली.

"दोघींची झाली. जिला गळा असल ती गाईल. आता कुनाच्या ओटीत अडकायची नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रगताला काय बोलायचं ता बोलू दे."

आणि लगेच कामाला लागली. आमच्या घरचे गेलेले कोण, सांगा. आईनं आजोबांचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं, काकाचं सांगितलं. "आनखी?" आईनं सुपातले दोन तांदूळ उचलले. "आनखी कोन बाय? आवतनात कोनाला सोडायचं नाय." आईनं पदर तोंडाशी नेला आणि एक नाव घेतलं. माझ्याआधी एक भाऊ झाला होता, बारसं झालं आणि महिन्याभरात गेला. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. शहापूरचीनं ते नाव धवळ्यात घालून म्हटलं आणि थांबली. आई म्हणाली, "आला." परत येताना जीपमध्ये आईनं मला त्या बाळाबद्दल सगळं सांगितलं, त्याला टाळूवर दोन भोवरे होते हेसुद्धा.

फाल्गुनात ती गेली. मी अंत्ययात्रेला पोचले नाही, पुलापलीकडे जीप बंद पडली होती.

वैशाखातल्या त्या सकाळी मी आमच्या दारातल्या मांडवात पाटावर बसले होते. शहापूरची गात होती. व्हिडिओवाल्यानं घाई चालवली तेव्हा तिनं गाणं न थांबवता त्याला हातानं खाली बसवलं. गावदेवी झाली, वेस झाली, विहीर, चूल झाली. मग आमची माणसं. आजोबांना बाबांनी उत्तर दिलं, "आला." आजीला आत्यानं, काकाला काकूनं. बाळाच्या नावाला आईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

मला वाटलं, झालं आवतन. पण शहापूरचीनं श्वास घेतला आणि आणखी एक नाव घेतलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्या काकूला विचारत होती, ही कोण, तुमच्या माहेरची का? मांडवात ते नाव कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. माझ्या होतं. चिकटपट्टीवर मी ते इतक्या वेळा लिहिलं होतं की त्याची वेलांटी माझ्या बोटांत होती. उत्तर आल्याशिवाय शहापूरची पुढे जाणार नव्हती. ती थांबली होती. मी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी रडूच फुटलं. बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते.

मांडवाच्या मेढीला टेकून, पिशवी मांडीवर घेऊन एक म्हातारा बसला होता. त्यानं जन्मात ते नाव तोंडानं घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. नुसती मान वर केली आणि म्हणाला, "आली."